तिसरी काडी

परवा कन्नडच्या रस्त्याला या वर्षीचा पहिला फलक दिसला. पत्र्याच्या तुकड्यावर चुन्यानं लिहिलेलं, 'गरम हुरडा मिळेल'. फलकाखाली एक म्हातारा आगटीत गोवऱ्या सारत बसला होता आणि धूर शेजारच्या बाभळीत अडकून राहिला होता. शोभा, माझी बायको, म्हणाली, "थांबायचं का?" मी मान हलवली. "हो की नाही?" मी पुन्हा मान हलवली. तोवर गाडी चांगली अर्धा किलोमीटर पुढे आली होती. "नंदीबैल आहात नुसते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

हा नंदीबैल आमच्या घरात जुना आहे. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांतच तिनं मला ही पदवी दिली, आणि मी त्यावरही मान हलवली होती म्हणे. मला आठवत नाही. माझ्या मानेनं परस्पर काय काय कबूल केलंय याचा हिशोब माझ्याकडे कधीच नव्हता. पण एका हुरड्याच्या हंगामात या मानेनं असं काही कबूल केलं, की नाही केलं, की त्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

मार्गशीर्षाची थंडी पडली की लोकांच्या जिभेवर लसणाची चटणी येते, मला काड्यापेटी आठवते. देवापुढे निरांजन लावताना मी काड्या मोजतो. पहिली विझली तर दुसरी काढताना हात थबकतो. दुसरीही विझली तर मी पेटी शोभाकडे देतो. तिला वाटतं, वयामुळे हात थरथरतो. वय झालंय, हे खरंच आहे. पण कारण ते नाही.

आमच्या सिडकोतल्या मैदानावर दर रविवारी सकाळी सात वाजता स्काउट-गाइडचं पथक भरतं. मी सांगतोय ती गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा वीस-पंचवीस मुलंमुली होती, एक झेंडा, एक शिट्टी आणि आम्ही तीन मोठी माणसं. पगार कुणालाच नाही, उलट रविवारची झोप जायची. मी तिथे कसा गेलो हे फार अभिमानानं सांगण्यासारखं नाही. मुलाला सोडायला जायचो. तासाभरानं परत आणायला यायचं, म्हणून मध्ये घरी जायचा कंटाळा करून तिथेच बसायचो. पुढे मुलाला क्रिकेटचं वेड लागलं आणि तो पथक सोडून गेला. बाप तिथेच अडकला. केस पांढरे होते म्हणून मला प्रमुख केलं.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचो. आलेलं टपाल नोंदवायचं, ज्याचं त्याच्या टेबलावर सरकवायचं. आत काय लिहिलंय यावर आपण मत द्यायचं नाही. अशी तीस वर्षं काढली की माणूस कुणाशी भांडत नाही, आणि कुणाच्या बाजूनंही उभा राहत नाही. लोक मला स्वभावानं शांत म्हणायचे. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं.

दुसरे मिसाळ सर. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसनं उतरायचे ते थेट मैदानावर. डोळे लाल, पण गणवेशाला कडक इस्त्री. शाळेत असताना ते स्वतः स्काउट होते आणि तेव्हा शिकलेलं सगळं त्यांच्या अंगात जसंच्या तसं राहिलं होतं. हा मिलिमीटरचा माणूस. तंबूची खुंटी किती कलती ठोकायची, स्कार्फची घडी किती बोटं रुंद, झेंड्याची दोरी किती वेळा गुंडाळायची, सगळं ठरलेलं. मुलं त्यांना घाबरायची, आणि कुणाला लागलं-खुपलं तर पहिल्यांदा त्यांच्याकडेच धावायची.

तिसऱ्या मीराताई शिंगाडे, प्राथमिक शाळेत शिक्षिका. माहेर पिशोरकडचं, मेंढरं राखणारं घर. त्यांचं लहानपण माळावर गेलेलं. चार दिवस या रानात, चार दिवस त्या रानात, प्रत्येक मुक्कामाला तीन दगडांची नवी चूल. पथकात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मिसाळ सर मुलांना शिबिर म्हणजे काय ते समजावून सांगत होते. उघड्यावर मुक्काम, सरपण गोळा करणं, वाऱ्याची दिशा बघून चूल मांडणं. मीराताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्यात याला शिबिर नव्हते म्हणत, सर. घर म्हणायचे." मिसाळ सर इतके हसले की त्यांची शिट्टी तोंडातून खाली पडली.

त्या दोघांचं चांगलं जमायचं, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ते आधीपासूनच एकमेकांना पाण्यात पाहत होते. तसं काही नव्हतं. ते तिळगूळ एकमेकांच्या घरी नेऊन देणारे लोक होते.

आमच्याकडे मुलांच्या ज्या चाचण्या असतात त्यात एक चुलीची. रानातलंच सरपण गोळा करायचं, कागद नाही, रॉकेल नाही, आणि फक्त दोन काड्यांत चूल पेटवून पेलाभर पाण्याला उकळी आणायची. दोनच का, हे कुणी विचारत नाही. नियम जुना आहे. तीन मोठी माणसं बघतात आणि तक्त्यावर सही करतात.

त्या वर्षी कोमलची ही एकच चाचणी राहिली होती. कोमल नववीत होती. वडील रिक्षा चालवायचे, आई घरी शिवणकाम करायची. पोरगी अबोल होती, पण गाठी मारायला लागली की बाकीची मुलं आपली दोरी खाली ठेवून बघत बसायची. चूल जमली की जानेवारीत फर्दापूरला मोठ्या शिबिराला जायला मिळणार होतं, पाच दिवस, अजिंठ्याच्या डोंगराखाली. ती घराबाहेर एक रात्रही राहिलेली नव्हती. वडील कसेबसे तयार झाले होते, आणि तेही याच वर्षापुरते. पुढच्या वर्षी दहावी. दहावी म्हटलं की आपल्याकडे पोरांचं सगळं बंद होतं, हे मी कुणाला वेगळं सांगायला नको. कोमलनं मावशीकडून बिछान्याची पिशवी आणून ठेवली होती, आणि तिचा बंद तुटका होता म्हणून मिसाळ सरांनी तो कारखान्यातून रिवेट मारून आणला होता.

चाचणी मीराताईंच्या भावाच्या रानात ठेवली, पिशोरच्या अलीकडे. भावाचं नाव बाळू. थोडी शेती, वीस-तीस मेंढरं. पोरं येणार म्हणून त्यानं सकाळीच आगटी पेटवली होती. मला त्या दिवसाचं सगळं आठवतं. डोक्याइतकी वाढलेली ज्वारी, तिच्यावर घिरट्या घालणारी पाखरं, वाऱ्यावर येणारा मेंढरांचा वास, अंगावर ऊन आणि सावलीत हुडहुडी. बाळू भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचा, फुंकर घालून कोंडा उडवायचा आणि हिरवेगार दाणे माझ्या ओंजळीत टाकायचा. मी पोत्यावर बसलो होतो, मांडीवर सह्यांचा तक्ता, तोंडात हुरडा. इतका कोवळा हुरडा मी त्याआधी खाल्ला नव्हता. त्यानंतरही नाही.

चार मुलं एकाच वेळी चुली मांडत होती. मिसाळ सर एकीकडे, मीराताई दुसरीकडे, आणि कोमलची चूल माझ्या बाजूला. वारा फार होता. तिनं खाली बारीक तुराट्या, वर पऱ्हाटीच्या काटक्या अशी सुबक रचना केली होती. पाठ वाऱ्याकडे करून ती बसली. पहिली काडी ओढली ती मी पाहिली. विझली. त्यानंतर मी बाळूकडे पाहिलं असेन, किंवा कोमलकडे, किंवा हुरड्याकडे. मग तुराट्या तडतडल्याचा आवाज आला, जाळ झाला, थोड्या वेळानं पेल्यातलं पाणी उकळलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोमल हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना पहिल्यांदाच पाहत होतो.

मिसाळ सर वही घेऊन आले, चुलीजवळ उकिडवे बसले आणि जमिनीवरून जळक्या काड्या उचलल्या. एक. दोन. तीन.

"ही तिसरी कुणाची?"

"बाळूची असंल," मीराताई म्हणाल्या. "बिडी वढतो त्यो. म्या तिकडून पाह्यलं, पोरीनं दोनच वढल्या."

"व्हय रे बाळू, तुझी काडी हाय का ही?" मिसाळ सरांनी विचारलं.

बाळूनं डोकं खाजवलं. "आता म्या दिवसभरात कुठं कुठं काड्या टाकतो, काय ध्यानात राहतंय, साहेब."

मग मिसाळ सर माझ्याकडे वळले. "जाधवसाहेब, तुम्ही हितंच होता. तीन ना?"

माझ्या तोंडात हुरडा होता. मी मान हलवली.

"नाय ओ भाऊ," मीराताई मला म्हणाल्या, "दोनच ना?"

मी मान हलवली.

तेवढ्यात पोरांनी जेवायला हाका मारल्या आणि विषय तिथेच राहिला. माझ्या आयुष्यातले बरेच विषय असे जेवायच्या हाकेवर राहिलेत.

पुढचे तीन रविवार म्हणजे नुसता गोंधळ होता. स्काउटमध्ये हात मिळवायचा तो डावा. सभा संपली की सगळ्यांनी एकमेकांशी डावा हात मिळवायचा असतो. मिसाळ सर आणि मीराताई नियमानं हात मिळवायचे आणि दोघांचीही तोंडं दोन दिशांना असायची. मुलांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण पोरांना वास येतो. दुसऱ्याच रविवारी रांग आपोआप दोन ठिकाणी उभी राहिली. सगळ्यात लहान पोरगं मधोमध उभं राहून मला विचारत होतं, "सर, आज कोणाच्या बाजूनं उभं राहायचं?" मी त्याला झेंड्याजवळ उभं केलं.

मी काहीच केलं नाही असं मात्र नाही. मोठ्या माणसांमधले मतभेद कसे हाताळावेत, याचं एक दिवसाचं प्रशिक्षण मी घेतलेलं होतं. तिथल्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं की दोघांना आधी वेगवेगळं भेटा, मध्ये बोलू नका, आणि ऐकताना अधूनमधून मान हलवा, म्हणजे समोरच्याला आपलं कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. हे वाचून मला फार धीर आला होता. मला वाटलं, हे तर मला जन्मतःच येतं.

मी मिसाळ सरांच्या घरी गेलो. त्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत त्या तीन काड्या. वर्निअर लावून त्यांनी तिन्ही मोजल्या होत्या. "जाडी बघा, साहेब. तिन्ही एकाच पेटीतल्या. बाळूची पेटी वेगळ्या छापाची हाय, म्या मुद्दाम पाह्यली." मग पिशवी परत कपाटात ठेवली. "मला काय हौस हाय का पोरीला नापास करायची? तिच्या पिशवीला रिवेट मीच मारली. पण आज तीनला दोन म्हटलं, तर उद्या पोरगी कशाला काय म्हणंल?" मला हे अगदी पटलं. मी मान हलवली.

तिथून मीराताईंकडे. त्यांनी चहा ठेवला आणि चहा उतू गेला तरी त्या बोलतच होत्या. "काड्या मापतेत व्हय? लेकराचा पंचनामा चालवलाय का? भाऊ, वाऱ्यात चूल पेटवणं काय असतं ते मला इचारा. आमची माय एका काडीत पेटवायची, कारण दुसरी नसायची. या पोरीचे हात तसे हायेत. आन् पुढच्या साली बाप सोडतो का तिला?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला हेही अगदी पटलं.

ते खोटं खोटं पटणं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. एकाच्या घरातून निघताना मी त्याचा असायचो, दुसरीच्या घरातून निघताना तिचा. घरी येईपर्यंत स्कूटरवर मी कुणाचाच नसायचो. पुढच्या रविवारी दोघांनीही मुलांसमोर सांगितलं की प्रमुख सर माझ्या बाजूनं आहेत. दोघंही खरं बोलत होते.

शोभा म्हणाली, "तुम्ही पाहिलं का नाही तेवढं सांगा ना एकदा." मी म्हणालो, तेच तर आठवत नाही. ती म्हणाली, "मग आठवत नाही असं सांगा." इतकं सोपं वाक्य होतं. मला ते सुचलं नाही असंही नाही. पण प्रमुखानं, तीन परीक्षकांतल्या एकानं, हुरडा खात बसलो होतो असं सांगायचं कसं? शरम वाटली. त्या शरमेला मी तीन आठवडे तटस्थपणा म्हणत राहिलो.

नावं पाठवायची मुदत सोमवारी संपत होती. त्याआधीच्या रविवारी झेंडा उतरल्यावर मी दोघांना कडुलिंबाखाली बसवलं. मुलं पांगली होती. दोघं पुन्हा तेच बोलू लागले, काड्या, वारा, बिडी, नियम, बाप. कोमल झेंड्याची घडी घालत थोड्या अंतरावर उभी होती. तिचं काम होतं ते. आम्हाला वाटलं ती ऐकत नसावी. मोठ्या माणसांना असं का वाटतं कोण जाणे.

ती घडी घेऊन जवळ आली. "सर, एक बोलू?"

"मोठी माणसं बोलतायत ना, बाळा," मी म्हणालो.

"तीन होत्या," ती म्हणाली.

मीराताईंनी मिसाळ सरांकडे पाहिलं, मिसाळ सरांनी माझ्याकडे.

"दुसरी विझल्यावर मी सरांना विचारलं होतं. वारा लई आहे, तिसरी ओढू का, म्हणून. सरांनी मान हलवली. म्हणून ओढली. मला वाटलं परवानगी दिली."

मीराताईंनी तिला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "अगं, मग इतके दिवस बोलली कामून नाहीस?"

"मला कोणी विचारलंच नाही, ताई. आणि मला वाटलं, सर सांगतील."

दर रविवारी सकाळी झेंड्यासमोर आम्ही त्या पोरांकडून मोठ्यानं म्हणून घ्यायचो की स्काउट विश्वसनीय असतो. पहिला नियमच तो. आणि जळक्या काड्यांचं माप घेतलं, बाळूची पेटी तपासली, दोन घरांत चार कप चहा झाला, पण जिच्या हातात काड्या होत्या तिला, किती ओढल्यास गं, एवढं आम्हा तिघांपैकी कुणीही विचारलं नव्हतं. ही चूक आमच्यासारखेच लोक करू जाणोत. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

पण गोंधळ तिथे संपला असेल असं कुणाला वाटलं तर तेही चूक. मिसाळ सरांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "पास. बास झालं. जी पोरगी सोताच्या तोंडानं तीन म्हणती, तिला आणखीन कसली चाचणी?" आणि मीराताई म्हणाल्या, "नाय सर. ती तीन म्हणाली ना, मग तीनच. तिनं खरं सांगितलं ते आपण सही करून खोटं पाडायचं का?" तीन आठवडे जो जिकडे ओढत होता तो आता त्याच्या उलट ओढू लागला, आणि आवाज तितकेच चढले. मी आळीपाळीनं दोघांकडे पाहत होतो. दोघंही मग माझ्याकडे वळले. एक सही होती, एक नव्हती, तिसरी माझी.

"खरंय का साहेब?" मिसाळ सरांनी विचारलं. "तुम्ही मान हलवली होती?"

कोमल माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. चुलीपाशी दुसरी काडी विझल्यावर तिनं माझ्याकडे असंच पाहिलं असेल का, हे मी आठवायचा प्रयत्न करत होतो. बाळूचा आवाज मला आठवत होता, "साहेब, आणखीन भाजू का?" त्याला मी मान हलवली होती, नक्की. त्याच वेळी तिनं विचारलं असेल, आणि एक मान दोघांना पोचली असेल. किंवा मी खरंच तिच्याकडे पाहिलं असेल, बिचारी, वारा फार आहे, ओढ बाई, असं मनात म्हटलं असेल, आणि हुरड्याबरोबर ते गिळून टाकलं असेल. मला कळेना. आजही कळत नाही.

"दोघांचंही बरोबर आहे," मी म्हणालो.

कोमलनं झेंडा पेटीत ठेवला, झाकण लावलं, आणि आम्हा तिघांशी एकेक करून डावा हात मिळवला. माझा हात तिनं जरा लवकर सोडला, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

तक्ता मी विचार करायला घरी आणला. सोमवारी कचेरीत टेबलावर समोर ठेवला. दुपारी चारपर्यंत टपाल निघायचं. चार वाजले. पाच वाजले. तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद वेळेवर पोचवणाऱ्या माणसाच्या टेबलावर तो एक कागद राहून गेला. नापास कुणी केलं नाही तिला. पासही केलं नाही.

फर्दापूरचं शिबिर झालं. पथकातली दोन मुलं गेली, ती मिसाळ सरांनी नेली. कोमल परीक्षेपर्यंत रविवारी येत राहिली, लहानांना गाठी शिकवत राहिली, मग दहावी लागली आणि आली नाही. मिसाळ सर आणि मीराताईंचं महिन्याभरात पुन्हा जुळलं. त्यांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत झालं होतं, ती म्हणजे मी. मतभेद हाताळण्यात एवढं यश त्या प्रशिक्षणवाल्या बाईंनाही अपेक्षित नसेल. पुढच्या संक्रांतीला दोघं मिळून माझ्याकडे तिळगूळ घेऊन आले, गोड बोला म्हणाले, आणि प्रमुखपण मी त्यांना देऊन टाकलं. त्यांनी नको म्हटलं नाही.

मध्ये एकदा पाहुण्यांना अजिंठा दाखवायला गेलो होतो. फर्दापूरला चहाला थांबलो. टपरीमागे मोकळं मैदान होतं आणि त्यावर काळे डाग होते, कुणीतरी चुली मांडल्या होत्या. कदाचित तेच मैदान, कदाचित लग्नातल्या आचाऱ्यांच्या चुली. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. पाहुण्यांनी विचारलं, इथे काही आहे का बघण्यासारखं? मी मान हलवली, आणि ते बिचारे येऊन माझ्याबरोबर मोकळं मैदान बघत उभे राहिले.

कधी वाटतं, काय एवढं? एक शिबिर. पोरांची किती शिबिरं चुकतात. मग वाटतं, कोमलनं घरात इतकी वर्षं जपून वागून एक दार किलकिलं केलं होतं, आणि ते मी लावलंही नाही, उघडलंही नाही, नुसता दारात उभा राहिलो. हे लावण्यापेक्षा बरं की वाईट? मिसाळ सरांचं बरोबर होतं. मीराताईंचंही होतं. बाजू बदलल्यावरही दोघांचं बरोबर होतं. सगळ्यांचं बरोबर असताना त्या पोरीचं चुकलं कसं, हा हिशोब मला लागत नाही.

आणि आता या आठवड्यात, हुरड्याचा फलक दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे यंत्रांचा आवाज होता.

"सर, कोमल बोलतेय."

पदविका करून ती आता वाळूजला एका कंपनीत आहे, माल तपासायच्या विभागात. नग मापात नसला की बाजूला काढायचा, हे तिचं काम. रविवारी पथकावर जाते. मिसाळ सरांचे गुडघे गेलेत, मीराताईंना चष्मा लागलाय, दोघं अजून भांडतात, आणि ते भांडले की ही मध्ये बसते. "मी दोघांना आधी एकच विचारते, सर. तुम्ही सोता पाह्यलं का? निम्मं भांडण तिथंच संपतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"या रविवारी चुलीची चाचणी आहे. चार पोरं आहेत. तिसरा परीक्षक पाहिजे. येताय ना, सर?"

मी मान हलवली.

पलीकडे यंत्र थांबलं असावं. एकदम शांत झालं.

"सर, फोनवर मान दिसत नाही. बोला."

शोभा समोर लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. मी घसा साफ केला. "कोमल," मी म्हणालो, "त्या दिवशी तू तिसरी काडी ओढू का म्हणून विचारलंस, ते मला खरंच आठवत नाही. बाळू हुरड्याचं विचारत होता. पण मान माझीच होती. हे मी त्याच रविवारी लिंबाखाली सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. चुकलो."

पलीकडे यंत्र पुन्हा सुरू झालं.

"सांगितलं असतं," ती सावकाश म्हणाली, "तर मी फर्दापूरला गेले असते का, सर?"

मी पुष्कळ विचार केला. मान अगदी स्थिर ठेवली.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मलापण नाही," कोमल म्हणाली. "रविवारी सातला या. आणि सर, हुरडा घरून खाऊन या."